मुलाने समोरच्याच घरात चोरी केली. आता त्या दारात कशी उभी राहू?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीत आमची सोसायटी जुनी आहे. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, आमचं आणि समोर काकूंचं. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. त्यांची मुलगी नाशिकला असते. त्यांच्या घराची जादा किल्ली कायम आमच्याकडे, देव्हाऱ्याखालच्या खणात. कधी लॅच लागून त्या बाहेर अडकायच्या, कधी गावाला गेल्या की कुंड्यांना पाणी घालायला मी जायचे. माझी दोन्ही मुलं त्यांच्याकडे वाढली म्हटलं तरी चालेल.

दिवाळीनंतर काकू लेकीकडे गेल्या. परत आल्या तर कपाटातला डबा रिकामा. पाटल्या, मोहनमाळ, मोत्याच्या कुड्या, काकांची अंगठी, सगळं गेलं. आधी संशय घरकामाच्या मावशींवर आला. दोन दिवस त्यांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. मग पोलीस आमच्याकडे आले. माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळायचा, हरला, अ‍ॅपवरून कर्ज काढलं, ते फेडायला आणखी कर्ज. आमच्याच खणातली किल्ली घेऊन त्याने हे केलं. सोनं विकलं, सोनाराने ते आटवलं. पोलिसांना नुसती लगड मिळाली. मुलगा आता आधारवाडीला कारागृहात आहे.

हे बोलतच नाहीत. रात्रभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. भेटायला जाऊ म्हटलं तर म्हणाले, मला मुलगा नाही. मुलगी दहावीला आहे. बी विंगमध्ये क्लासला जायची, तिथल्या बाई म्हणाल्या, काही दिवस घरीच अभ्यास कर. सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचा फोटो फिरतोय, त्यात तीही उभी आहे. आता विशेष सभा बोलावली आहे. आम्ही घर विकून जावं असं ठरवणार म्हणतात. नातेवाईक सांगतात, काकूंच्या पायावर डोकं ठेव आणि केस मागे घ्यायला लाव. पण काकूंनी दाराला नवी साखळी लावली आहे. मी बाहेर आले की आतून ती साखळी लागल्याचा आवाज येतो. माझी पावलं तिथेच थांबतात.

आणि एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. गेल्या आठवड्यात मुलाची जुनी सॅक धुवायला काढली, तर आतल्या कप्प्यात कागदात गुंडाळलेल्या काकूंच्या कुड्या सापडल्या. त्या मी डाळीच्या डब्यात ठेवल्या आहेत. काय करू? माझं काय चुकलं? तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही.

एक आई

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बोलायला खूप आहे, पण आधी दोन गोष्टी, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत.

पहिली तुमच्या मिस्टरांची. रात्र रात्र जागणं, बोलणं बंद होणं, पोटच्या मुलाबद्दल 'मला मुलगा नाही' म्हणणं, याला नुसता राग म्हणून सोडून देऊ नका. त्यांना एकटं बसू देऊ नका. काही बोलायची सक्ती नको, शेजारी खुर्ची टाकून बसलात तरी पुरे. मनात काय चाललंय ते सरळ विचारा. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का' हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी फोन आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यांनी नाही लावला तर तुम्ही लावा आणि त्यांच्याशी कसं बोलायचं ते विचारा. उत्तर 'हो' आलं तर त्या रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी जागं हवं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

दुसरी गोष्ट त्या कुड्यांची. त्या डाळीच्या डब्यातून बाहेर काढा.

तुमच्या हातून हे का झालं असेल ते कळतं. मुलावरचा बोजा आणखी वाढेल ही भीती आणि त्याच वेळी त्या टाकूनही देववत नाहीत. पण चोरीचा माल आहे हे माहीत असूनही तो दडवून ठेवला, तर तो वेगळा गुन्हा होऊ शकतो आणि तो तुमच्या नावावर लागेल. कायद्यात आईला इथे सवलत नाही. आरोपीला आसरा देण्याच्या कलमातसुद्धा सूट आहे ती फक्त नवराबायकोला, आईवडिलांना नाही. शिवाय उद्या त्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागल्या, तर 'घरच्यांनाही माहीत होतं' या कुजबुजीला पुरावा मिळेल. आज तुमच्या बाजूने एकच गोष्ट भक्कम आहे, ती म्हणजे तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. ती हातची घालवू नका.

मनात येईल की गुपचूप समोर जाऊन काकूंच्या हातात द्याव्यात. तेही नको. त्या आता मुद्देमाल आहेत, म्हणजे खटल्यातला पुरावा. मुलाच्या वकिलांना आजच सांगा आणि त्यांच्यासोबत जाऊन तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात द्या. कधी, कुठे, कशा सापडल्या ते जसं घडलं तसं सांगा, पंचनामा करून घ्या, सही करण्याआधी वाचा, प्रत मागा. वकील अजून नसेल तर न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे तुमच्या मुलालाही आणि तुम्हालाही. 15100 वर फोन केलात तर कुठे जायचं ते सांगतात. घर गहाण टाकून मोठा वकील करायची घाई करू नका.

आणि ताई, त्या कुड्यांकडे जरा काकूंच्या बाजूने पाहा. पाटल्या गेल्या, मोहनमाळ गेली, अंगठी गेली. पोलिसांना मिळाली ती लगड, वजनाला सोनंच आहे, पण त्यात काकांची अंगठी कुठली आणि मोहनमाळेचा मणी कुठला? सगळ्या ऐवजातली जशीच्या तशी उरलेली वस्तू म्हणजे त्या कुड्या. त्या बाईला परत मिळू शकेल असं एवढंच शिल्लक आहे आणि ते तुमच्या घरात आहे. त्या मिळवायचा रस्ताही फार लांबचा नाही. फिर्यादीने न्यायालयात अर्ज केला की दागिन्यांचे फोटो काढून, पंचनामा करून, बंधपत्र घेऊन खटला संपण्याआधीच ते सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, ताब्यात देता येतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हे स्पष्ट केलंय, मौल्यवान वस्तू वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यात पडून राहू नयेत म्हणून. काकूंना किंवा त्यांच्या मुलीला हे माहीत नसण्याची शक्यता आहे. तुमच्या वकिलांमार्फत एवढी माहिती त्यांच्यापर्यंत पोचू द्या.

आता नातेवाइकांच्या सल्ल्याकडे येते. पाया पडून केस मागे घ्यायला लाव. हे करू नका, अजिबात करू नका.

एक तर असं होतच नाही. राहत्या घरातली चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या 305 कलमाखाली येणारा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला, आणि आपसात तडजोड करून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही. फिर्याद दिल्यावर खटला सरकारचा असतो. काकूंनी उद्या 'माझी तक्रार नाही' म्हटलं तरी तो रद्द करायचा अधिकार उच्च न्यायालयाचा. म्हणजे ज्या गोष्टीचा निर्णय त्यांच्या हातात नाही, तिच्यासाठी तुम्ही एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईच्या दारात रडत उभं राहायचं. त्यांनी 'नाही' म्हटलं की त्या दगडाच्या काळजाच्या ठरणार, 'हो' म्हटलं की लेकीशी भांडण. फिर्यादीवर दबाव आणला असा अर्थ निघाला तर मुलाच्या जामिनालाही ते बाधेल.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. काकूंचं सोनं तर गेलंच, पण त्यांची शेजारीणही गेली हे कोणी मोजलेलं दिसत नाही. लॅच लागून त्या पुन्हा बाहेर अडकल्या तर आता किल्ली कोणाकडे? रात्री छातीत दुखलं तर भिंतीवर थाप मारायची ती कोणासाठी? जिच्या भरवशावर त्या एकट्या राहू शकत होत्या, त्याच घरातून हे झालं. ती साखळी तुमच्या तोंडावर लावलेली आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्यांना खरोखर भीती वाटते. तुमच्या घराची म्हणा, किंवा आपण माणसं ओळखण्यात एवढे चुकतो याची म्हणा. ज्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं त्यानेच कपाट उघडलं, हे पचवायला त्यांना वेळ लागणार. तो वेळ कमी करणं तुमच्या हातात नाही.

तरीही तुम्ही त्यांच्याकडे गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. फक्त मागायला जायचं नाही.

आधी वकिलांना विचारा आणि कुड्या पोलिसांच्या ताब्यात गेल्यावरच जा. थेट बेल वाजवू नका. त्यांच्या मुलीला निरोप पाठवा किंवा दोघींचाही विश्वास आहे अशा शेजारच्या कोणा वयस्कर बाईला सांगा की मला दोन मिनिटं भेटायचं आहे, केसबद्दल एक शब्दही बोलणार नाही. त्या नको म्हणाल्या तर तो शब्द मानायचा आणि पुन्हा निरोप पाठवायचा नाही. हो म्हणाल्या तर दिवसा जा, त्या मधल्या बाईला सोबत घेऊन जा. आत बोलावलं नाही तर दारातच उभं राहा. म्हणायचं ते थोडक्यात: 'काकू, किल्ली आमच्याकडे होती. ती सांभाळायची जबाबदारी माझी होती. तुमचं नुकसान झालं, तुमचा विश्वास गेला, त्याबद्दल मी माफी मागायला आले. तुम्ही माफ करावं असं माझं म्हणणं नाही.' एवढंच. 'तो वाईट संगतीला लागला', 'त्या मोबाईलने केलं', 'आमच्यावर काय गुदरलंय बघा' हे तिथे नको. तुमच्यावरही आभाळ कोसळलंय यात शंका नाही, पण ते काकूंनी ऐकावं अशी अपेक्षा आज धरू नका. त्यासाठी बहीण आहे, मैत्रीण आहे, मी आहे.

भरपाईचं विचारलं नाहीत, पण ते तुमच्या मनात असणारच. घडणावळीचे, आटवणीत गेलेल्याचे, जे काही कमी भरेल ते देण्याची तुमची ऐपत आणि इच्छा असेल तर जरूर द्या, मात्र वकिलांमार्फत, लेखी, न्यायालयाच्या नजरेसमोर. पाकिटात घालून दाराखालून सरकवलेले पैसे चांगल्या हेतूचे असले तरी वाईट दिसतात. मुलाने कर्ज काढलेल्या अ‍ॅपवाल्यांचे फोन तुम्हाला येत असतील तर एवढं लक्षात ठेवा: सज्ञान मुलाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला नसाल तर ते फेडायची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही. धमक्या आल्या, फोटो बदलून पाठवले, तर स्क्रीनशॉट ठेवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. हातात चार पैसे असतील तर त्यावर पहिला हक्क काकूंचा. वसुलीवाल्यांचा नंबर त्यांच्यामागे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. 'आधी संशय घरकामाच्या मावशींवर आला. दोन दिवस त्यांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं.' तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमच्या डोक्यावर जे ओझं आहे ते पाहता त्यात तुमचा दोष काढत नाही. पण ताई, त्या मावशींचं पुढे काय झालं? त्या अजून सोसायटीत कामाला येतात का? किती घरांनी त्यांना 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं? मुलगा पकडला गेल्यावर त्यातल्या किती घरांनी परत बोलावलं? नुसती चौकशी करायची तर स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे जाऊन विचारावं लागतं, असा कायदा आहे. तो त्यांना कोणी सांगितला नसणार. त्यांच्याही वस्तीत शेजारी आहेत. पोलीस न्यायला आले तेव्हा तिथल्या दारांतूनही लोक डोकावले असतील, त्यांच्याही मुलीला कोणीतरी काहीतरी विचारलं असेल.

सोसायटीने तुमच्यासाठी सभा बोलावली आहे. मावशींची माफी मागण्यासाठी सभा बोलावल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बोलावली नसावी. ते काम तुम्ही करा. काकूंकडे जायला परवानगी लागेल, वकील लागेल. मावशींकडे जायला काही लागत नाही. त्यांच्या घरी जा, त्यांच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की चोरी माझ्या मुलाने केली, तुमच्यावर आळ आला तो खोटा होता. त्यांची कामं सुटली असतील तर ज्या घरांशी तुमचं अजून बोलणं आहे तिथे शब्द टाका. तुमच्या शब्दाला आज किंमत नाही असं तुम्हाला वाटतं, पण या एका बाबतीत तुमच्याइतकी किंमत दुसऱ्या कोणाच्याच शब्दाला नाही.

आता त्या सभेचं. घाबरू नका, पण गैरहजरही राहू नका. सहकारी संस्था कायदा, 1960 मध्ये सभासदाला काढून टाकण्याचं कलम आहे, 35 वं. संस्थेच्या हिताला बाधा आणणारी कृत्यं सभासदाने केली तर त्यासाठी घेतलेल्या सर्वसाधारण सभेत हजर सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव लागतो, त्याआधी सभासदाला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं आणि नंतर निबंधकाने मंजुरी दिल्याशिवाय तो ठराव लागू होत नाही. शेअर सर्टिफिकेटवर नाव तुमच्या मिस्टरांचं किंवा तुमचं असेल. गुन्ह्याचा आरोप मुलावर आहे. त्याच्या कृत्यासाठी आईबापांना घराबाहेर काढायचा ठराव कायद्यात टिकेल असं मला वाटत नाही. पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं हे तर कोणालाच करता येत नाही. सभेआधी सेक्रेटरींना एक साधा अर्ज द्या: आम्ही तपासात सहकार्य करतोय, आमच्याविरुद्ध तक्रार नाही, ग्रुपवरचा अल्पवयीन मुलीचा फोटो ताबडतोब काढावा. प्रतीवर पोच घ्या. फोटो निघाला नाही तर तोच अर्ज पोलीस ठाण्यात. सभेत कोणी काही बोललं तर उलट बोलू नका, सगळं लिहून घ्या.

घर विकायचं की नाही हे आता ठरवू नका. निदान मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत तरी नाही. घाईने विकलेलं घर पडत्या भावाने जातं आणि जिथे जाल तिथे ही बातमी आज ना उद्या पोचतेच. पुढे कधी तुम्हाला स्वतःलाच त्या जिन्यात श्वास घ्यायला जड वाटलं, तर खुशाल जा. पण ते तुमचं ठरवणं असू दे, सभेचं नको.

हे सदर तुमच्या सोसायटीतलंही कोणी वाचत असेल, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी लिहिते. तुम्हाला राग आलाय आणि तो यावाच. तुमच्यापैकी अनेकांनी कुलपं बदलली असतील, ठेवायला दिलेल्या किल्ल्या परत मागून घेतल्या असतील. कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न खराच आहे. पण दहावीतल्या पोरीला क्लासमधून परत पाठवून कोणाचं सोनं सुरक्षित झालं? सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो ते जणू आगीचा स्वभावच असल्यासारखं, पण इथे लावणारे हात आपले आहेत. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या रक्ताला गुन्हेगार धरायचं, हा प्रकार या देशात एकेकाळी चक्क कायदा होता. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, जन्माला आलेलं मूलही त्यात मोजलं गेलं. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात माणसांच्या पिढ्या वाढल्या. 1952 साली तो रद्द झाला, तरी अजूनही गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते. आणि सोसायटीत चोरी झाली की आधी मोलकरणीला धरतात. या घटनेत ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं.

काकूंच्या बाजूने उभं राहणं म्हणजे समोरच्या घराकडे पाठ फिरवणं नव्हे. सकाळी काकूंना दूध आणून द्या, रात्री एकदा बेल वाजवून विचारा, त्यांच्या मुलीला नाशिकला फोन करा. आणि त्याच जिन्यात ती पोरगी भेटली तर 'अभ्यास कसा चाललाय' एवढं विचारा. दोन्ही एकाच माणसाला जमतं. क्लासच्या बाईंना तर माझी हात जोडून विनंती आहे, तिला उद्यापासून बोलवा.

ताई, मुलीशी तुम्ही स्वतः बोला. दादाने चोरी केली हा शब्द वापरा. 'झालं ते झालं', 'तू लक्ष देऊ नकोस' असं म्हणून तिला गप्प केलंत तर ती बाहेरच्यांच्या तोंडून ऐकत राहील. तिचं भावावर प्रेम असणार आणि त्याचा प्रचंड रागही येत असणार, दोन्ही चालेल हे तिला सांगा. शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून या, तिला कोणी छेडत असेल तर त्यांना आधीच ठाऊक असलेलं बरं. आणि काकूंची नातवंडासारखी माया तिचीही तुटली आहे. तिला रडू आलं तर ते कदाचित त्याचं असेल.

'माझं काय चुकलं?' हे विचारलंत. खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि लांबून जे छातीठोकपणे सांगतात की संस्कारच कमी पडले, त्यांनाही माहीत नाही. काही खुणा असतील. पैसे कमी पडत असतील, फोन हातातून सुटत नसेल, कोणीतरी खाली मोटारसायकलवर येऊन थांबत असेल. त्या तुम्हाला आता दिसतात, तेव्हा दिसल्या नाहीत. त्यांचा विचार जरूर करा, पुढे मुलीसाठी, मुलासाठी उपयोगी पडेल. पण त्या विचाराची हद्द ओळखा. किल्लीवर हात टाकला तो त्याने. काकू गावाला जाईपर्यंत थांबला तो. सोनार शोधला तो. मधे प्रत्येक टप्प्यावर 'आई, मी अडकलोय' म्हणायला तो मोकळा होता. हे सगळं तुम्ही तुमच्या अंगावर घेतलंत तर त्याच्याकडे काहीच उरणार नाही आणि त्याला काहीतरी उरायलाच हवं, नाहीतर बाहेर आल्यावर तो सुधारणार कशाच्या जोरावर?

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत घरच्यांनी त्याच्या पापाचे वाटेकरी व्हायला नकार दिला. लहानपणी मला ते लोक निष्ठुर वाटायचे. आता वाटतं, त्या नकाराशिवाय तो बदललाच नसता. पण एक फरक करा. पाप वाटून घ्यायचं नाही म्हणून माणूसही टाकायचा, असं तुमच्या मिस्टरांनी ठरवलंय. त्याची गरज नाही.

तो बाहेर येईल. या गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. झालं तरी पहिलाच गुन्हा आहे, माल बराचसा मिळाला आहे, त्यामुळे वकील जामिनाचा अर्ज करतीलच. खटल्यात दोषी ठरला तरी 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली, तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि देखरेखीखाली सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, भरपाईही द्यायला लावता येते. मिळेलच असं नाही, पण वकिलांना त्याबद्दल नक्की विचारा. जामीन झाल्यावर त्याला त्याच तिसऱ्या मजल्यावर आणायचं का, हा प्रश्न मात्र आताच सोडवून ठेवा. माझं मत, आणू नका. खटला संपेपर्यंत मामाकडे, काकाकडे, कुठेही ठेवा, न्यायालयाला तो पत्ता द्या. काकूंना लिफ्टचं दार उघडल्यावर तो समोर दिसायला नको.

तोपर्यंत भेटायला जा. आधार कार्ड घेऊन जा, मुलाखतीचे दिवस आणि वेळा कारागृहात विचारून घ्या. प्रत्यक्ष जमलं नाही तर ई-मुलाखतीची सोय आहे, ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. मिस्टरांना ओढून नेऊ नका. तुम्ही जाऊन आलात की घरी येऊन त्यांच्याशेजारी बसून सांगा, तो कसा आहे, काय बोलला. ऐकायचं नाही म्हणतील, तरी सांगा.

पहिल्या भेटीत काय बोलू, असा प्रश्न पडेल. त्याला जेवतोस का विचारा. 'सगळं ठीक होईल', 'उद्या सोडवतो' असली वचनं देऊ नका. कुड्या सापडल्या आणि त्या पोलिसांना दिल्या, हे तुमच्याच तोंडून सांगा, वकिलांकडून कळायला नको. तो चिडला तर चिडू द्या. आणि मावशींना दोन दिवस बसवून ठेवलं होतं, हेही सांगा. त्याला ते कदाचित माहीतच नसेल. असेल आणि तरीही तो गप्प राहिला असेल, तर त्यावर तुम्हा दोघांना पुढच्या बऱ्याच भेटींत बोलावं लागेल.